खडे माझे, दुखणं योगिताचं

चोरायचंच तर माणूस सोनं चोरील, पैसे चोरील, अगदीच काही नाही तर शेजारणीच्या झाडाचा कढीपत्ता चोरील. माझ्या जावेनं माझ्या पोटातले खडे चोरले. हसू नका. पित्ताचे खडे, वापीला ऑपरेशन करून काढलेले, नर्सनं बाटलीत घालून माझ्या हातात दिलेले. तीन टपोरे आणि बाकी चुरा. टीव्हीच्या वरच्या फळीवर, आमच्या लेकीच्या, सईच्या, शाळेतल्या धावण्याच्या मेडलशेजारी ठेवले होते मी.

पण योगिता कोण, कशी, ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही तिला सरळ चोर म्हणाल. चोर व्हायला धीर लागतो. हिला भर दुपारी पोस्टमननं कडी वाजवली तरी हातातला चमचा खाली पडतो.

डहाणू रोडला स्टेशनच्या पूर्वेला आमचं दोन भावांचं घर. माझा नवरा एकनाथ थोरला, रेल्वेत सिग्नलच्या कामावर. धाकटा रविंद्र झेडपीच्या शाळेत मास्तर. खाली आम्ही, वर रविंद्र, योगिता आणि त्यांचा गौरव. चुली वेगळ्या, पण नळ एक, गच्ची एक आणि भांडणंही एकत्रच. योगिता तलासरीकडची, पाड्यावर वाढलेली, बारावी पास. रांगोळी अशी काढते की त्यावर पाय ठेवायला जीव होत नाही. भाकरी पातळ, हात हलका, बोलणं गोड. गुण आहेत हो तिच्यात. गुण नसते तर मला एवढा रागच आला नसता.

दोन हजार चौदाच्या जूनमध्ये गौरव पहिलीला गेला आणि शाळेची व्हॅन लागली. तेव्हापासून हिचं सुरू झालं. व्हॅन जरा लांबली की ही गच्चीवर. "वहिनी, रेल्वेच्या फाटकावर काही झालं असेल का? व्हॅनचं दार नीट लागत नाही हो, मी बघितलंय." पोरगा हसत, शर्टावर शाई सांडून घरी यायचा. मग झालं ना समाधान? छे! मग गॅस चालू राहिला का, रविंद्रची मोटरसायकल घसरली तर, आईचा फोन का आला नाही, आणि फोन आला की आता का आला. एस्टीत एक जण उठला की दुसरा त्या जागेवर बसतो ना, तशी एक काळजी उठली की दुसरी टेकलेलीच. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते हिच्याकडे बघूनच म्हटलं असावं कोणीतरी.

एका रविवारी भाकऱ्या थापता थापता ती खालीच बसली. छातीत धाडधाड, ओठ बधीर, बोटांना मुंग्या, श्वास वरच्या वर. "मी मरते, वहिनी, गौरवला बघा," म्हणाली. मीही घाबरले, खोटं कशाला बोलू. रविंद्रनं तिला रिक्षात घालून दवाखाना गाठला. कार्डिओग्राम काढला. काही नाही. इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. पुढच्या महिन्यात परत तेच. पुन्हा पळापळ, पुन्हा काही नाही.

आणि घरात काय थाट! रविंद्र शहाळी आणतोय, एकनाथ आम्हालाच ओरडतोय, "टीव्ही बारीक करा, योगिताला त्रास होतो." माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं माझ्यासाठी नारळ आणला असेल तर तो सत्यनारायणाला. ताप अंगात असताना मी पाणी भरलंय, डबे केलेत. कोणी विचारलं नाही, सरला, बसतेस का जरा? आणि हिची छाती धडधडली की घर उभं. जळफळाट व्हायचा माझा. होणारच. मी काय देवळातली मूर्ती आहे?

पण रिपोर्टांचा ढीग वाढला तसा लोकांचा उत्साह ओसरला. थायरॉइड नॉर्मल. रक्त नॉर्मल. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरनं पोटावर ते थंड जेल फिरवलं आणि म्हणाला, "कशुं नथी, बेन. एकदम क्लीन." दुसऱ्या कोणाच्या घरी रिपोर्ट नॉर्मल आला तर पेढे वाटतात. हिच्याकडे रिपोर्ट नॉर्मल आला की हिचं तोंड उतरायचं. कारण दुखणं तर होतंच. घशात बोर अडकल्यासारखं वाटायचं, गिळलं जायचं नाही. मान आणि खांदे लाकडासारखे. कुठे लग्नाला निघायचं म्हटलं की हिच्या संडासाच्या फेऱ्या सुरू. रात्री टक्क जागी, सकाळी डोळे लाल. आमटीत मीठ दोनदा. गौरवच्या हातून पट्टी पडली तरी त्याच्यावर खेकसायची, आणि मग त्यालाच पोटाशी धरून रडायची. भगतालाही दाखवून झालं, लिंबं उतरवून झाली. शेवटी रविंद्रसुद्धा पेपर तपासता तपासता मान वर न करता म्हणायला लागला, "होईल कमी. पाणी पी."

आणि मग दोन हजार सतराला आले माझे खडे.

काय सांगू तुम्हाला! दुखलं खूप, गुरासारखी ओरडले मी. पण सोनोग्राफीत स्पष्ट दिसले. डॉक्टरनं स्क्रीनवर बोट ठेवून दाखवले, हा एक, हा दुसरा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? वापीला ऑपरेशन झालं, पोटाला चार भोकं पडली, आणि मी घरी आले ती राणीसारखी. बोईसरची नणंद आली, एकनाथच्या खात्यातली माणसं बायकांना घेऊन आली. बिस्किटांचे पुडे, सफरचंदं, मोसंबी. एक शहाणी तर चिकू घेऊन आली, चिकूच्या वाड्यांच्या डहाणूत! आलेल्या प्रत्येकाला मी बाटली दाखवायचे. लोक बाटली हलवून बघायचे, "बापरे, एवढे?" म्हणायचे, आणि माझं अर्धं दुखणं तिथेच जायचं.

या सगळ्यांचा चहा योगितानं केला. कधी तोंड वाकडं नाही. एकदा सगळे गेल्यावर कप गोळा करता करता ती थांबली, बाटली उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही दुखतंय म्हणालात की सगळ्यांना लगेच खरं वाटायचं का हो?"

"खडेच होते ना आत, खरं न वाटायला काय झालं?" मी म्हटलं.

तिनं बाटली परत जागेवर ठेवली. मला काय मजा वाटली म्हणून सांगू. इतकी वर्षं शहाळी प्यायली बाई, आता जरा चहा कर.

पुढच्या वर्षी, गौरवच्या परीक्षेच्या आधी, तिचा त्रास फारच वाढला. सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा मनाच्या डॉक्टर यायच्या. रविंद्रला शाळेतून सुटी मिळेना, म्हणून मलाच तिच्यासोबत जावं लागलं. डॉक्टरीण तरुण होती, केसाला साधी पिन लावलेली. घाई नाही, काही नाही. झोप येते का? अंग आखडतं का? लहानसहान गोष्टीची काळजी लागते का, आणि लागली की थांबवता येत नाही, असं होतं का? चिडचिड? विसरायला होतं? योगिता प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती, आणि मध्येच हमसून रडायला लागली. म्हणाली, "एवढं मला कोणी विचारलंच नाही."

"हा आजार आहे," डॉक्टरीण म्हणाली. "चिंतेचा आजार. तुमचं शरीर सारखं धोक्याची घंटा वाजवत राहतं, धोका नसला तरी. खोटं नाही हे, तुमचा दोषही नाही. गोळ्या देते. रोज घ्यायच्या, मध्येच सोडायच्या नाहीत. आणि इथे बोलायला येत राहायचं."

योगितानं डोळे पुसले. "हे सोनोग्राफीत दिसतं का?"

"नाही."

"एक्स-रेत?"

"नाही दिसत."

"मग घरी दाखवू काय?"

डॉक्टरिणीनं गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात ठेवलं.

घरी येऊन सांगितलं तर एकनाथ खो खो हसला. "चिंता? अगं, माझी घे थोडी, तुला फुकट देतो!" शेजारीण म्हणाली, चिंता कोणाला नाही, आम्ही काय गोळ्या खातो? हसायला मीही होते. रविंद्र हसला नाही. त्यानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "शाळेत कळलं तर वेड्यांच्या गोळ्या म्हणतील." बस, गोळ्या गेल्या तांदळाच्या डब्यात. कधी भिंतीकडे तोंड करून गिळायची, कधी राहून जायची. तिला भेटायला कोणी आलं नाही. चिंतेला बघायला कोण बिस्किटाचा पुडा घेऊन येतं?

मे महिन्यात ती गौरवला घेऊन माहेरी गेली. मी म्हटलं, बरं झालं, जरा शांतता.

पुढच्या आठवड्यात मी बाजारात गेले. तिथे तानी बसते, तलासरीकडून भाजी घेऊन येते, योगिताच्याच पाड्यावरची. मी शेवग्याच्या शेंगा निवडत होते. तानी म्हणाली, "तुमची धाकटी जाऊ कशी अशक्त झाली हो! पोट फाडून खडे काढले, आणि तुम्ही लगेच मायेरी पाठवलीत?"

"खडे? कसले खडे?"

"असं काय करता? बाटलीत आणलेत ना तिनं. मी माझ्या डोळ्यानं बघितले. तीन मोठे आणि बाकी भुगा."

शेंगा तिथेच टाकल्या मी. घरी येऊन बघते तर मेडल आहे, बाटली नाही! नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. कळा मी सोसल्या, उलट्या मी काढल्या, भोकं माझ्या पोटाला, आणि ही बसली आयत्या बिळावर नागोबा होऊन! एकनाथला त्याच्या जेवणाच्या डब्याचं सांगितलं, पायात चपला घातल्या आणि तलासरीची एस्टी पकडली. वाटेत एकच उजळणी. सगळ्यांसमोर विचारायचं, योगिता, दाखव तुझं पोट. दाखव कुठे कापलंय ते.

पाड्यावर पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. ओटीवर बायकांचा मेळा. मध्ये चटईवर योगिता पडलेली, उशाशी तिची आई बायजी. कोणी ताडगोळे आणलेले, कोणी कोंबडीची अंडी. आणि माझी बाटली? देवाच्या फळीवर! वरून हळदकुंकू वाहिलेलं! माझ्या खड्यांना हळदकुंकू! मी नुसते टीव्हीवरच्या फळीवर ठेवले होते, इथे त्यांचा देव झाला होता.

योगितानं मला पाहिलं आणि ती उठून बसली. रंगच उडाला तिचा. गळ्याजवळची शीर थडथड उडताना मला उंबऱ्यातून दिसत होती.

"या, बसा," पुतळी नावाची एक शेजारीण सरकली. "जाऊबाई ना तुम्ही? बघा, केवढाले निघाले पोरीच्या पोटातून!"

"बघितलेत मी," मी म्हटलं.

"किती सोसलं असेल ना बिचारीनं. आम्हाला कधी बोलली नाय."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात दुसरी एक म्हातारी ओरडली, "अगं, गोळीची वेळ झाली. योगी, गोळी घे पयली." कोणी पाणी आणलं, कोणी उशाखालचं पाकीट काढून दिलं. ऑपरेशननंतरची गोळी म्हणून. मी बघितलं, तेच पाकीट होतं, सरकारी दवाखान्यातलं, तांदळाच्या डब्यातलं. योगितानं ते सगळ्यांच्या समोर फोडलं, गोळी जिभेवर ठेवली आणि गिळली. भिंतीकडे तोंड नाही, पदराआड नाही. बायका बघत होत्या आणि माना हलवत होत्या, की बरं झालं, घेतली एकदाची. गौरव अंगणात खेळत होता, ओरडत होता, आणि ती एकदाही दचकली नव्हती.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आता बोलणार, आणि मी बोलले की ही गोळी परत डब्यात जाणार, हे तिला कळत होतं आणि मलाही. एवढ्या बायकांत खोटी ठरली असती तर पुन्हा कधी कोणापुढे दुखतंय म्हणाली नसती ती.

"हे खडे," मी म्हटलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. "हे खडे फार वाईट. फार दुखतात. तिला गोळ्या चुकवू देऊ नका."

"ऐकलंस ना, योगी?" पुतळी म्हणाली. "शिकल्यासवरल्या जाऊबाई पण तेच सांगतात." आता मी कुठली शिकलीसवरलेली, नववी नापास. पण मान डोलावली.

दिवेलागणीला बायका आपापल्या चुलीकडे गेल्या. योगिता डोळे मिटून कुशीवर वळली, झोपली की झोपेचं सोंग केलं कोण जाणे. बायजीनं वाटीत तेल घेतलं आणि तिचे खांदे चोळायला लागली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "खडे तुमचे ना?"

मी दचकले. "तुम्हाला सांगितलं तिनं?"

"सांगते कशाला! रोज पोटाला तेल लावते मी. साधा ओरखडा नाय."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत? हळदकुंकू कसलं वाहिलंत?"

"पयल्या दिवशी वाहिलं, तेव्हा नव्हतं कळलं." म्हातारी जरा हसली. "मग कळलं. पण खांदा बघा तिचा, दगड झालाय नुसता. झोपेत दात खाते. दुखतं ते माझ्या हाताला लागतंय. मग खडा आहे का नाय, मी कशाला विचारू? बाया येतात, चार गोष्टी बोलतात, ती गोळी घेते, जेवते. तुमची वस्तू मीच आणून देणार होते डहाणूला."

बायजी चोळत होती, खांद्यावरून मानेवर, मानेवरून पाठीवर, सावकाश.

"तुमच्या पोटाला कोणी लावलं तेल?" तिनं विचारलं.

"नर्सनं पट्टी बदलली ना."

"आणि आई?"

"आई नाही मला. आमच्या सईएवढी होते तेव्हाच गेली."

"पड इथं," बायजी म्हणाली. तुम्हीचं तू झालं एकदम. मी म्हटलं, अहो नको, शेवटची एस्टी जाईल, एकनाथ उपाशी बसेल. "बसू दे उपाशी. पड."

पडले. काय करणार? तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. भात लावून लावून खरबरीत झालेला हात, गरम. चारी डागांवर एकेक करून तेल लावलं तिनं, आणि प्रत्येक डागाला "इथं दुखलं? इथं पण?" असं विचारत गेली. इतके लोक आले होते मला बघायला, सगळ्यांनी बाटली बघितली होती. हे कोणी विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, आधीच सांगते. जळण्याचं होतं. या हाताखाली वाढली ही! रोज हे मिळालं हिला, आणि तरी ही घाबरते? मला मिळालं असतं तर मी वाघाला भ्याले नसते. देवानं द्यायचं तेव्हा बघून का देत नाही? शहाळीही हिलाच, आईही हिलाच.

योगितानं डोळे उघडले. कपाळाला आठी घालून ती म्हणाली, "आई, माझी पाठ राहिली."

"थांब गं जरा."

"पण आई, आजारी मी आहे."

"आहेस," मी म्हटलं. "खरंच आहेस. उद्या लाव पाठीला." आणि म्हातारीचा हात मी दोन्ही हातांनी माझ्या पोटावर दाबून धरला.